क्षय की क्रोन्स? आधी निदान, मग गोळी

उजव्या बाजूला ओटीपोटात दुखणे, संध्याकाळची कणकण, उतरत जाणारे वजन आणि न थांबणारे जुलाब. अशा तक्रारी घेऊन राज्यभरातले रुग्ण दादरला उतरतात आणि परळच्या केईएमची वाट धरतात. त्यांच्यापैकी काहींच्या बाबतीत डॉक्टरांपुढे पेच असतो: हा आतड्याचा क्षय, की क्रोन्स हा आतड्याचा दीर्घकालीन दाह? दोन्हींत लहान आतड्याच्या शेवटच्या भागात व्रण होतात, आतडे अरुंद होते. कोलोनोस्कोपीतही फरक कळेलच असे नाही. उपचार मात्र उलट दिशेचे. क्षयात जिवाणू मारायचे असतात, क्रोन्समध्ये भडकलेली प्रतिकारशक्ती शमवायची असते. क्षयरोग्याला क्रोन्स समजून स्टेरॉईड दिले, तर क्षय फोफावतो.

क्रोन्सच्या मुळाशीही जिवाणू असावा, हा संशय जुना आहे. ग्लासगोचे शल्यचिकित्सक डॅलझिएल यांनी १९१३ मध्येच गुरांच्या ‘जोन्स’ आजाराशी असलेले साम्य नोंदवले होते. तो आजार करणारा जिवाणू क्षयाच्याच कुळातला. मग प्रतिजैविकांनी क्रोन्स बरा का होऊ नये? ऑस्ट्रेलियात २१३ रुग्णांना स्टेरॉईडच्या जोडीने तीन प्रतिजैविके किंवा नुसत्या दिखाऊ गोळ्या देऊन ते तपासले गेले. २००७ मध्ये निष्कर्ष आले. सुरुवातीच्या १६ आठवड्यांत प्रतिजैविकांचा फायदा दिसला, पण तो टिकला नाही. आज तज्ज्ञांचा रोख एका जिवाणूपेक्षा आतड्यातल्या एकूण जिवाणूंच्या बिघडलेल्या समतोलाकडे, आनुवंशिकतेकडे आणि आहाराकडे आहे.

औषधे सुधारली, पण तीही क्षयाकडे दुर्लक्ष करू देत नाहीत. क्रोन्ससाठी इन्फ्लिक्सिमॅब हे इंजेक्शन अमेरिकेत १९९८ मध्ये मान्य झाले. त्याने शरीरात दडून बसलेला क्षय जागा होतो, हे २००१ मध्ये स्पष्ट झाले. म्हणूनच ते देण्याआधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची तपासणी करावी लागते.

बायोप्सीतूनही उत्तर मिळाले नाही, तर आपल्याकडे आधी क्षयाची औषधे देऊन पाहतात. क्षय इतका पसरलेला असताना हे योग्यच आहे. चूक होते ती पुढे. या औषधांनी क्रोन्सच्या रुग्णालाही काही काळ बरे वाटू शकते, आणि त्या समाधानात फेरतपासणी राहून जाते. दोन-तीन महिन्यांत पुन्हा दुर्बीण घालून व्रण भरले का, हे पाहायला हवे. ते भरले नसतील, तर औषधांना दाद न देणारा क्षय किंवा क्रोन्स, या दोन्ही शक्यता नव्याने तपासायला हव्यात. गोळ्यांचा तोच कोर्स पुन:पुन्हा देण्यात वेळ जातो आणि आतडे आणखी अरुंद होऊन प्रकरण शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचू शकते.

त्यामुळे पहिली गोळी लिहून देतानाच फेरतपासणीची तारीख केसपेपरवर पडली पाहिजे. क्षयाची औषधे सरकार मोफत देते. दाहाच्या आजारावरची औषधे मात्र वर्षानुवर्षे घ्यावी लागतात. तीही पालिका रुग्णालयांत नियमित मिळायला हवीत. रुग्णांनीही शौचातले रक्त मूळव्याधीचेच असे गृहीत धरू नये, आणि दुकानातून स्टेरॉईड वा प्रतिजैविक परस्पर आणू नये. त्याने दुखणे चार दिवस दबते आणि निदान महिनोन्महिने लांबते.