धातूवरील संस्कार

पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली की त्यात ताक कळकते, हे मराठी गृहिणीला कुणी शिकवावे लागले नाही. भांड्याचा गुण धातूइतकाच त्याच्या पृष्ठभागावर ठरतो. आज वीजसाठवणुकीच्या क्षेत्रात जगात जी चुरस आहे, तीही बऱ्याच अंशी याच पृष्ठभागासाठी आहे.

मोबाइलच्या लिथियम-आयन बॅटरीत एक तांब्याचा आणि एक ॲल्युमिनियमचा वर्ख असतो. तांब्याचा वर्ख सामान्यतः ६ ते १० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केसाहून कितीतरी पातळ. त्यावर वीज साठवणाऱ्या द्रव्याचा लेप देतात. बॅटरी ताठ असेतो तो टिकतो. मात्र ती मनगटाभोवती वळवायची किंवा वस्त्रात शिवायची म्हटले की गुळगुळीत धातूवरून लेप सुटू लागतो. म्हणून वर्खावर आधी संस्कार करावे लागतात. ॲल्युमिनियम क्लोराइडयुक्त द्रावणात विजेने कोरले की त्यात सूक्ष्म बोगदे पडून त्याचे क्षेत्रफळ अनेक पटींनी वाढते. कॅपॅसिटरच्या उद्योगात ही विद्या जुनीच आहे. तांब्याचा वर्ख अल्कली आणि अमोनियम परसल्फेटच्या द्रावणात बुडवला, तर काही मिनिटांत त्यावर कॉपर हायड्रॉक्साइडच्या सुया अक्षरशः उगवतात. मग वेगळा लेप नको, गोंदही नको. धातूतूनच फुटलेला थर वीज साठवण्याच्या कामी येतो.

यासाठी ना दुर्मीळ खनिज लागते, ना अवाढव्य यंत्र. मग अडते कोठे? प्रयोगशाळेतील नमुना काही चौरस सेंटीमीटरचा असतो. कारखान्याला शेकडो मीटरचे वेटोळे एकसारखे संस्कारित हवे असते. हजारो वेळा वाकवूनही ते टिकले पाहिजे. या दोहोंमधली पायरी आपल्याकडे फार कच्ची आहे.

विद्वत्तेची उणीव नाही. तमिळनाडूत कारैकुडी येथे विद्युतरसायन संशोधन संस्थेचा पाया १९४८ मध्येच घातला गेला. दानशूर अळगप्पा चेट्टियार यांनी त्यासाठी भूमी आणि निधी दिला. तरीही बॅटरीचे सेल आपण प्रामुख्याने चीनकडून घेत आलो. २०२१ मध्ये केंद्राने ५० गिगावॅट-तास क्षमतेसाठी १८,१०० कोटी रुपयांची योजना मंजूर केली, हे योग्यच झाले. परंतु चीनने डिसेंबर २०२३ पासून ग्राफाइटच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले, तेव्हा कच्च्या मालाची दोरी कुणाच्या हाती आहे ते दिसले. सेलचे कारखाने येथे आणि वर्ख, लेप, यंत्रे परदेशची, असे झाले तर ती केवळ जोडणी ठरेल. त्या योजनेइतक्याच तातडीने कारैकुडी आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेजवळ वेटोळ्यावर संस्कार करणाऱ्या प्रायोगिक कार्यशाळा उभ्या राहाव्यात, लहान उद्योजकांना त्या भाड्याने मिळाव्यात आणि कोरणीचे आम्लपाणी नदीत न सोडण्याची व्यवस्था त्यांच्या आराखड्यातच असावी.