गोदामातली इंजिने आणि चाचणीमंचाचा निवाडा

१. अवकाशाच्या इतिहासातील एक गोष्ट तरुण वाचकांना फार आवडते. सोव्हिएत संघाची चांद्रमोहीम बुडाली, तिची इंजिने नष्ट करण्याचा हुकूम निघाला. पण ती घडवणाऱ्यांनी हुकूम डावलून ती गोदामात जपून ठेवली. वीस वर्षांनी अमेरिकी अभियंत्यांनी ती पाहिली आणि ते थक्क झाले. गोष्ट खरी आहे. मात्र ती बहुधा इथेच संपवली जाते. तिचा उत्तरार्ध २०१४ साली व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर घडला, आणि खासगी अवकाश-उद्योगाला शहाणपण शिकवणारा भाग तोच आहे. हा धागा त्या पूर्ण गोष्टीचा.

२. आरंभ एका भांडणात आहे. सेर्गेई कोरोल्योव्ह यांना चंद्राकडे जाणाऱ्या ‘एन-१’ अग्निबाणासाठी केरोसीन आणि द्रवरूप ऑक्सिजन हवा होता. देशातील अग्रगण्य इंजिनकार वालेंतिन ग्लुश्को यांचा आग्रह विषारी, पण साठवायला सोप्या इंधनांचा होता. दोघांचे जमले नाही. कोरोल्योव्ह शेवटी कुइबिशेव, म्हणजे आजच्या समारा शहरातील निकोलाय कुझनेत्सोव यांच्याकडे गेले. कुझनेत्सोव विमानांच्या इंजिनांचे दिग्गज होते. अग्निबाणाच्या मोठ्या इंजिनांचा अनुभव त्यांच्याकडे नव्हता.

३. तरीही त्यांच्या चमूने जे रचले ते विलक्षण होते. टर्बोपंप फिरवण्यासाठी थोडे इंधन जाळावे लागते. अनेक इंजिनांत तो धूर बाहेर फेकला जातो आणि तेवढी शक्ती वाया जाते. कुझनेत्सोव यांच्या इंजिनात थोडे केरोसीन जवळजवळ सगळ्या ऑक्सिजनबरोबर एका लहान कक्षात जाळले जाई. तो तप्त वायू टर्बाइन फिरवून थेट मुख्य दहनकक्षात शिरे. वाया काहीच जात नसे. अडचण एवढीच की तप्त ऑक्सिजनमध्ये धातूही पेट घेतात. त्याला टिकतील असे धातू आणि लेप सोव्हिएत कारखान्यांनी साधले. हा मार्ग व्यवहार्य नाही, अशी समजूत अमेरिकेत दीर्घकाळ होती.

४. दोष रचनेपेक्षा चाचणीच्या पद्धतीत होता. ‘एन-१’च्या पहिल्या टप्प्यात ‘एनके-१५’ जातीची ३० इंजिने होती. त्यांच्यातील काही झडपा एकदाच उघडत. त्यामुळे एकदा पेटवलेले इंजिन पुन्हा वापरता येत नसे. म्हणून प्रत्येक गटातील मोजकी इंजिने चाचणीत पेटवायची आणि ती चालली की उरलेली न पेटवता अग्निबाणावर चढवायची, असा रिवाज पडला. शिताने भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात एकाच भांड्यात शिजलेला असतो. हाताने घडवलेल्या इंजिनांना तो न्याय लागू पडत नाही.

५. त्यात भर म्हणजे ३० इंजिनांचा संपूर्ण टप्पा जमिनीवर बांधून पेटवण्याची सोयच उभारली गेली नाही. अमेरिकेने सॅटर्न-५ चा पहिला टप्पा मिसिसिपीतील प्रचंड मंचावर जखडून पेटवला होता. सोव्हिएत संघात वेळ आणि पैसा वाचवला गेला. हिशेब उड्डाणात चुकता झाला. १९६९ ते १९७२ या काळात ‘एन-१’ चार वेळा उडाला आणि चारही वेळा नष्ट झाला. ३ जुलै १९६९ रोजी तो प्रक्षेपणतळावरच कोसळला आणि तळ उद्ध्वस्त झाला. एका इंजिनाचा ऑक्सिजन पंप फुटला होता. त्यात परकी वस्तू शिरली की पंपच सदोष होता, यावर मतभेद राहिले. हा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा.

६. कुझनेत्सोव यांनी धडा घेतला. नवे ‘एनके-३३’ इंजिन पुन्हापुन्हा पेटवता येत असे. म्हणजे जे उडणार तेच आधी तपासता येणार होते. सुमारे १५० टन रेटा आणि स्वतःचे वजन जेमतेम सव्वा टन! ते उडण्याआधीच, १९७४ मध्ये, ‘एन-१’चे काम थांबवले गेले. इंजिने मोडीत काढण्याचा आदेश आला, आणि डझनावारी इंजिने कुइबिशेवच्या गोदामात मुकाट पडून राहिली.

७. सोव्हिएत संघ विसर्जित झाल्यावर दारे उघडली. १९९० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेच्या एरोजेट कंपनीने त्यांपैकी ३६ च्या आसपास इंजिने घेतली. किंमत प्रत्येकी सुमारे ११ लाख डॉलर. नवे इंजिन घडवण्यास लागणाऱ्या वर्षांच्या आणि पैशांच्या तुलनेत हा सौदा फुकटात पडल्यासारखा होता. पहिला ग्राहक किस्लर कंपनी. तिचा अग्निबाण कधीच उडाला नाही. पुढे ऑर्बिटल सायन्सेस कंपनीने अवकाशस्थानकाकडे माल नेण्यासाठी ‘अँटारेस’ रचला. अमेरिकी फेरफारांनंतर ‘एजे-२६’ हे नाव मिळालेली दोन इंजिने त्याच्या तळाशी बसली.

८. आता चाचणीमंचाने काय सांगितले ते पाहावे. मिसिसिपीतील स्टेनिस केंद्रात २०१० पासून ही इंजिने पेटवून पाहिली जाऊ लागली. जून २०११ मध्ये एका चाचणीत केरोसीन गळून आग लागली. चाळीस वर्षे जुन्या धातूला ताण आणि गंज यांमुळे चिरा पडल्या होत्या. मे २०१४ मध्ये दुसरे इंजिन मंचावरच उद्ध्वस्त झाले. दरम्यान ‘अँटारेस’ची उड्डाणे मात्र यशस्वी होत होती. जुलै २०१४ पर्यंत चार झाली आणि चारही सुखरूप.

९. पाचवे उड्डाण २८ ऑक्टोबर २०१४ च्या संध्याकाळी वॉलॉप्स बेटावरून झाले. सुमारे पंधरा सेकंदांत एका इंजिनाचा ऑक्सिजन टर्बोपंप फुटला आणि अग्निबाण मागे कोसळला. जीवितहानी झाली नाही. पण अवकाशस्थानकासाठीचा दोन टनांहून अधिक माल आणि त्यातील शाळकरी विद्यार्थ्यांचे प्रयोग जळून गेले. १९६९ मध्ये जो भाग फुटला होता, त्याच प्रकारचा भाग ४५ वर्षांनी फुटला.

१०. चौकशीतील वादही जुनाच निघाला. एका बाजूने घडणीतील दोषाकडे बोट दाखवले, दुसरीने पंपात शिरलेल्या कचऱ्याकडे. नासाच्या स्वतंत्र समितीने तीन शक्यता मांडल्या: पंपाच्या रचनेतील नाजूकपणा, परकी वस्तू, किंवा टर्बाइनच्या बेअरिंगच्या जागी राहिलेला यंत्रकामाचा दोष. मे महिन्यात मंचावर फुटलेल्या इंजिनातही तसाच दोष आढळला होता. फुटलेले इंजिन उड्डाणापूर्वीची चाचणी उत्तीर्ण झाले होते. पण असे दोष उघडे पाडण्यास ती चाचणीच अपुरी होती, असा समितीचा निष्कर्ष होता.

११. इथे प्रतिवाद होऊ शकतो, आणि तो वजनदार आहे. याच जातीचे इंजिन बसवलेला रशियाचा ‘सोयुझ-२.१व्ही’ डिसेंबर २०१३ मध्ये यशस्वी उडाला आणि पुढेही उडत राहिला. म्हणजे रचना वाईट नव्हती. मग फरक कुठे? समारात ती इंजिने रचणाऱ्यांची परंपरा जिवंत होती. अमेरिकेत इंजिने पोहोचली. ती कोणत्या ताणाला कशी वागतात याची शेकडो चाचण्यांतून मुरलेली जाण त्याच पेटीतून येऊ शकली नाही. आयत्या पिठावर रेघोट्या ओढता येतात. पीठ बिघडले तर ते का बिघडले, हे दळणाऱ्यालाच कळते.

१२. याच काळात दुसऱ्या एका खासगी कंपनीने उलट वाट धरली. स्पेसएक्सने टेक्सासमधील मॅकग्रेगर येथे, बंद पडलेल्या बील एरोस्पेसच्या जागेत, स्वतःचे चाचणीमंच थाटले. तिचे ‘मर्लिन’ इंजिन रचनेत ‘एनके-३३’पेक्षा पुष्कळ साधे होते, टर्बाइनचा धूर ते सरळ बाहेर फेकते. पण ते बिघडले की कारण शोधणारे आणि दुसऱ्या दिवशी बदल करून पुन्हा पेटवणारे हात त्याच आवारात होते.

१३. चाचणी म्हणजे अभयदान नव्हे, हेही त्याच कंपनीने अनुभवले. ऑगस्ट २००८ मध्ये ‘फाल्कन-१’च्या तिसऱ्या उड्डाणात टप्पे विलग झाल्यावर खालचा टप्पा वरच्यावर आदळला. बंद केलेल्या नव्या इंजिनात किंचित रेटा उरला होता. तो दाब जमिनीवरील हवेच्या दाबाहूनही कमी असल्याने मंचावर जाणवलाच नव्हता. निर्वातात मात्र पुरेसा ठरला. कारण कळताच विलगीकरणाला काही सेकंदांचा विलंब दिला गेला, आणि २८ सप्टेंबर २००८ रोजी, दोन महिन्यांच्या आत, चौथे उड्डाण कक्षेत पोहोचले. अपयश दोघांनाही आले. पण एकाला त्याचे निश्चित कारण सापडले, दुसऱ्याला तीन शक्यतांवर थांबावे लागले.

१४. या कथेचा एक धागा भारतातही येतो. ‘एन-१’च्या सुधारित आवृत्तीच्या वरच्या टप्प्यासाठी इसायेव्ह यांच्या कार्यालयाने द्रवरूप हायड्रोजनचे एक इंजिन रचले होते. तेही न उडता पडून राहिले. त्याच घराण्यातील ‘केव्हीडी-१’ हे इंजिन भारताने १९९१ च्या करारान्वये रशियाकडून मागितले. अमेरिकेच्या दबावामुळे १९९३ मध्ये तंत्रज्ञान नाकारले गेले. मिळाले ते फक्त सात तयार टप्पे. एका चांद्रमोहिमेची दोन अनाथ इंजिने अशी दोन देशांत गेली.

१५. भारताला तयार टप्पे उडवत बसता आले असते. पण टप्पे संपणार हे ठरलेलेच होते. म्हणून महेंद्रगिरीत स्वतःचे इंजिन पेटवण्याचे काम सुरू झाले. त्याच्या घडणीत मुंबईच्या विक्रोळीतील गोदरेजच्या कारखान्याचाही हात लागला. १५ एप्रिल २०१० रोजी पहिले उड्डाण फसले. इंधनाचा बूस्टर टर्बोपंप थांबला होता. पंपाची रचना बदलली गेली, आणि इंजिन निर्वातात पेटते का हे पाहण्यासाठी उंचीवरील विरळ वातावरणाची नक्कल करणारी चाचणीसोय उभी राहिली. ५ जानेवारी २०१४ रोजी जीएसएलव्ही-डी५ यशस्वी झाला.

१६. साल तेच, २०१४. जानेवारीत नकार पचवणाऱ्यांचे इंजिन चालले. ऑक्टोबरमध्ये स्वस्त सौदा करणाऱ्यांचे फुटले. यातून देशप्रेमाचा ढोल वाजवण्याचे कारण नाही. ‘अँटारेस’ची चार यशस्वी उड्डाणे त्या जुन्या इंजिनांनीच करून दाखवली, आणि भारताला वीस वर्षे लागली. निष्कर्ष मर्यादित पण पक्का आहे: तयार इंजिन विकत घेतल्याने वेळ वाचतो, त्याच्या चाचणीचे ज्ञान विकत मिळत नाही.

१७. ‘अँटारेस’ने पुढे काय केले? तो २०१६ मध्ये पुन्हा उडाला, तोही रशियाच्याच नव्या ‘आरडी-१८१’ इंजिनांवर. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले आणि पुरवठा तुटला. हाती असलेली इंजिने ऑगस्ट २०२३ च्या उड्डाणात संपली.

१८. म्हणून गोदामातल्या इंजिनांची गोष्ट सांगताना ती ‘हरवलेल्या खजिन्याची’ गोष्ट म्हणून सांगू नये. कुझनेत्सोव यांनी जपले ते त्यांच्या चमूचे काम होते, आणि त्याबद्दल इतिहास त्यांचा ऋणी राहील. पण खजिना धातूत नव्हता. तो तावून सुलाखून निघालेल्या अनुभवात होता, आणि अनुभव गोदामात ठेवता येत नाही. आज भारतात खासगी अवकाश-कंपन्या उभ्या राहत आहेत. त्यांचे मोल ठरवताना किती अग्निबाण उडाले हे मोजले जाईलच; त्याआधी त्यांच्या मंचावर किती इंजिने पेटली, किती फुटली आणि फुटलेल्यांची कारणे कोणी लिहून ठेवली, हे विचारले जावे.