संसारातील वस्तू : स्वस्त डीव्हीडी प्लेअर आणि त्याच्या मालकांची साक्ष

घरात एखादी नवी वस्तू आणावयाची म्हटली म्हणजे ती ज्याच्या घरी आहे त्याला आपण प्रथम विचारतो. ही रीत चांगली आहे. दुकानदार वस्तूचे गुण सांगतो, कारण त्याला ती विकावयाची असते. मालक गुण आणि दोष दोन्ही सांगू शकतो, कारण त्याला ती वापरावी लागते. तथापि मालकाची साक्ष ऐकण्यासही थोडा विवेक लागतो. एकाच जातीच्या यंत्राला एक गृहस्थ उत्तम म्हणून वाखाणतो, आणि दुसरा त्याच यंत्रासाठी पैसे पाण्यात गेले म्हणून कपाळाला हात लावतो. दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नसतो. मग खरे कोणाचे मानावे?

दोन-तीन हजार रुपयांच्या घरात मिळणारा साधा डीव्हीडी प्लेअर ही अशीच एक वस्तू आहे. चित्रपटही दाखवावा आणि गाणीही ऐकवावी अशी दुहेरी चाकरी आपण त्याच्याकडून मागतो. ज्यांच्या घरी तो आहे अशा अनेकांशी आम्ही या विषयावर बोललो. त्यांच्या बोलण्यातून जे निष्पन्न झाले, ते आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मोबाईलच्या या दिवसांत तबकडी कोण लावतो, असे कोणी म्हणेल. परंतु आपल्या गावांतील कपाटे उघडून पाहावीत. मुलीच्या लग्नाची तबकडी, धाकट्याच्या पहिल्या कम्युनियनची तबकडी, आजोबांच्या अंत्यविधीची तबकडी, नाताळची गाणी. गोव्यात याशिवाय कोकणी तियात्रांच्या तबकड्यांची चळत. एवढी ठेव ज्या घरात आहे, त्या घराला यंत्राची गरज संपलेली नाही.

ही ठेव जमली कशी तेही थोडक्यात सांगू. गाण्यांची कॉम्पॅक्ट डिस्क, म्हणजे सीडी, १९८२ साली बाजारात आली. चित्रपटाची व्हीसीडी १९९३ साली आणि डीव्हीडी १९९६ साली आली. प्रारंभी या गोष्टी श्रीमंतांच्या होत्या. पुढे २००७ च्या सुमारास मोझर बेअर या भारतीय कंपनीने चित्रपटांच्या व्हीसीडी २८ रुपयांना व डीव्हीडी ३४ रुपयांना विकावयास काढल्या, आणि शेतावर राबणाऱ्या कुटुंबालाही चित्रपट विकत घेणे परवडू लागले. तबकडी स्वस्त झाली तसे यंत्रही स्वस्त झाले. ती कंपनी २०१८ साली दिवाळखोरीत निघाली. तिच्या तबकड्या मात्र अजून आपल्या घरांत आहेत.

आता मालकांच्या तक्रारींकडे वळू.

सर्वांत मोठी तक्रार अशी की, चित्रपट चांगला चालतो आणि शेवटास आला की अडखळतो. मालक म्हणतो, यंत्र थकले. वस्तुतः तबकडीवरील चित्र-ध्वनी एका अतिसूक्ष्म नागमोडी नव्हे, तर चक्राकार रेघेत साठविलेले असतात, आणि ही रेघ तबकडीच्या मध्यापासून सुरू होऊन कडेकडे जाते. आपण तबकडी धरतो ती कडेला. बोटांचे तेल, ओरखडे आणि धूळ तेथेच साचतात. म्हणून चित्रपटाचा आरंभ निर्मळ राहतो आणि शेवट बिघडतो. येथे दोष यंत्राचा नसून हाताचा आहे. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण अशा वेळी आठवते. मऊ सुती फडके किंचित ओले करून तबकडी मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी. गोल गोल पुसू नये. कारण रेघेला आडवा गेलेला ओरखडा यंत्र सांभाळून घेते, परंतु रेघेच्या बाजूने गेलेला ओरखडा मजकुराचा सलग भागच खाऊन टाकतो. तबकडीवर मूळ आकड्यांसोबत ताळा पाहण्यासाठी जादा आकडे लिहिलेले असतात व त्यांच्या आधारे यंत्र लहानसहान तूट भरून काढते. फार मोठी तूट भरणे त्याच्या शक्तीबाहेरचे आहे.

याच प्रकारची दुसरी तक्रार अशी की, काही चित्रपट मध्यावर क्षणभर थबकतो आणि पुन्हा चालू लागतो. साध्या डीव्हीडीत एक थर असतो. लांबलचक चित्रपटासाठी एकावर एक असे दोन थर वापरतात. पहिला थर संपून किरण दुसऱ्या थराकडे वळतो तेव्हा हा खंड पडतो. हा रोग नव्हे. त्यासाठी कारागिराकडे धाव घेण्याचे कारण नाही.

चित्राच्या फिकेपणाविषयी पुष्कळजण बोलतात, विशेषतः ज्यांनी अलीकडे मोठा टीव्ही घेतला ते. व्हीसीडीच्या चित्रात आडवे ३५२ आणि उभे २८८ ठिपके असतात. डीव्हीडीच्या चित्रात आडवे ७२० आणि उभे ५७६. म्हणजे डीव्हीडीचे चित्र सुमारे चौपट बारकाईचे असते. जुन्या लहान टीव्हीवर जी व्हीसीडी शोभून दिसत होती, ती भिंतीएवढ्या पडद्यावर ताणली की विरळ दिसणारच. कितीही महाग यंत्र आणले तरी जे तबकडीत नाही ते पडद्यावर येणार नाही. माणसे आडवी फुगलेली दिसत असतील, तर चौकोनी व रुंद पडदा यांच्या निवडीत चूक झालेली असते. रिमोट हाती घेऊन ती दोन मिनिटांत सुधारता येते.

संगीताच्या बाबतीत मालकांची मते सर्वांत अधिक विभागलेली आढळली. एक म्हणतो, आवाज गोड आहे. दुसरा म्हणतो, डब्यात खडे वाजविल्यासारखा आहे. चौकशी करता बहुधा असे दिसते की पहिल्याने यंत्राची तांबडी व पांढरी तार चांगल्या स्पीकरच्या यंत्राला जोडली आहे, आणि दुसरा टीव्हीच्याच पातळ स्पीकरमधून ऐकत आहे. सीडीवर ध्वनीची नोंद सेकंदाला ४४,१०० वेळा केलेली असते. हे आकडे स्वस्त यंत्रही वाचते आणि महागही वाचते. त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करणारा भाग महाग यंत्रात अधिक चांगला असतो हे खरे. परंतु सामान्य घरात जो फरक कानाला जाणवतो, तो मुख्यतः स्पीकरचा असतो. तेव्हा ज्याला गाणी प्रिय आहेत त्याने यंत्रावर हजार रुपये वाढविण्यापेक्षा ते स्पीकरवर वाढवावेत.

गाणी ऐकणाऱ्यांची एक तक्रार मात्र पूर्णपणे न्याय्य आहे. पुष्कळ स्वस्त यंत्रांना पुढे आकडे दाखविणारी खिडकी नसते. त्यामुळे कितवे गाणे लागले आहे हे पाहण्यासाठी टीव्ही लावावा लागतो. पहाटे स्वयंपाकघरात काम करता करता चार गाणी ऐकावी म्हणणाऱ्या गृहिणीस हा जाच होतो. शिवाय अंगावर दोन-तीनच बटणे असल्याने रिमोट हरवला की चित्रपटाची सूची उघडली तरी तीत निवड करता येत नाही. ही काटकसर कारखानदाराने केलेली आहे, आणि तिचा दोष मालकावर लादता येणार नाही.

परदेशातून आणलेल्या यंत्रांविषयीही सांगणे अगत्याचे आहे. आपल्याकडील कितीतरी कुटुंबांतील कर्ती माणसे आखातात नोकरीस गेलेली आहेत, आणि सुटीवर येताना यंत्र आणण्याची प्रथा होती. डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडलेले आहेत. आखाती देश दुसऱ्या विभागात येतात. भारत पाचव्या विभागात येतो. जे यंत्र आपल्या विभागाचा नियम काटेकोर पाळते, ते दुसऱ्या विभागाची तबकडी नाकारते. म्हणून कुवेतहून आणलेल्या नामांकित यंत्राने येथील दुकानातील चित्रपट दाखवू नये, आणि बाजारातून उचललेल्या स्वस्त यंत्राने तो निमूटपणे दाखवावा, असा विचित्र प्रकार घडतो. व्हीसीडीला व गाण्यांच्या सीडीला हा निर्बंध नाही. घरगुती समारंभाच्या तबकडीवरही तो सहसा नसतो.

टिकाऊपणाचे काय? येथे मालकांच्या तक्रारी खऱ्या आहेत, पण त्यांची कारणे ठाऊक असावीत. स्वस्त यंत्र बहुधा तीन ठिकाणी दगा देते. तबकडी वाचणाऱ्या भिंगावर धूळ बसते किंवा त्यामागील किरणाचा दिवा क्षीण होतो. वीज नियंत्रित करणारा भाग कमीजास्त दाबाने जळतो. आणि तबकडीचे ताट आतबाहेर करणारा रबरी पट्टा सैल पडतो. किनाऱ्यावरील दमट हवा आणि गावाकडील विजेचा लपंडाव या दोहोंमुळे हे लवकर घडते. रिमोटने बंद केलेले यंत्र पूर्णपणे बंद नसते. भिंतीवरील बटण बंद करावे. पट्टा बदलणे हे अल्प खर्चाचे काम आहे. किरणाचा दिवा गेला असेल तर मात्र दुरुस्ती नव्या यंत्राच्या किमतीजवळ जाते.

आता सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येतो. कित्येक मालकांनी आम्हास सांगितले की, विकत आणलेला चित्रपट नीट चालतो, परंतु लग्नाची तबकडी यंत्र वाचीत नाही. ते यंत्राला नावे ठेवतात. या तक्रारीकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. कारखान्यात काढलेल्या तबकडीवर खुणा ठसा उमटवून केलेल्या असतात. छायाचित्रकाराने आपल्या संगणकावर लिहून दिलेल्या तबकडीत ठसा नसतो. तीत एका रंगद्रव्याचा थर असतो आणि किरणाच्या उष्णतेने त्यावर खुणा केलेल्या असतात. हे रंगद्रव्य ऊन, उष्णता आणि दमटपणा यांनी कालांतराने बिघडते. म्हणजे बाजारातील जो चित्रपट पुन्हा कोठेही मिळू शकेल, तो अधिक टिकतो; आणि जो प्रसंग जगात दुसऱ्या कोणाजवळ नाही, तोच आधी नाहीसा होतो. ज्या तबकडीत गेलेल्या आईचा चालता-बोलता चेहरा आहे, ती न वाचणे ही यंत्राची तक्रार नसून धोक्याची घंटा आहे.

अशी तबकडी अडली तर ती टाकून देऊ नये. प्रथम दुसऱ्या घरच्या यंत्रात लावून पाहावी, कारण एक यंत्र नाकारते ते दुसरे कधीकधी वाचते. ती जेथे चालेल तेथे, त्याच आठवड्यात, तिची संगणकावर नक्कल करून घ्यावी. नव्या लॅपटॉपला तबकडीचे ताट नसते. परंतु बाहेरून जोडावयाचे निराळे ताट मिळते, आणि गावात एकाने घेतले तर दहा घरांचे काम होते. नक्कल दोन ठिकाणी ठेवावी. एक आपल्याकडे आणि एक लेकीच्या किंवा भावाच्या घरी. मूळ तबकडी उभी करून तिच्या डबीत, उन्हापासून दूर ठेवावी. तिच्यावर बॉलपेनने लिहू नये, कागदही चिकटवू नये.

हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही, कारण काळ आपल्या बाजूने नाही. डीव्हीडीच्या पुढची पायरी म्हणजे ब्लू-रे. परंतु सोनी कंपनीने लिहिण्याच्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केले. अमेरिकेत ज्या नेटफ्लिक्सने डीव्हीडी टपालाने घरोघर पाठवून व्यवसाय उभारला, तिने ती शाखा सप्टेंबर २०२३ मध्ये मिटविली. कारखानदार हात आखडता घेत आहेत. साधा प्लेअर आज मिळतो आहे, तोवर त्याचा उपयोग करून घेणे शहाणपणाचे.

तेव्हा यंत्र घ्यावे की न घ्यावे? ज्या घरी तबकड्या नाहीत त्या घराने केवळ हौस म्हणून घेऊ नये. ज्या घरी आहेत त्याने खुशाल स्वस्त यंत्र घ्यावे, पण दुकानात जाताना आपल्या तीन तबकड्या बरोबर न्याव्या : एक चित्रपटाची, एक गाण्यांची आणि एक घरच्या समारंभाची. तिन्ही तेथेच लावून पाहाव्या. आपल्या टीव्हीला पिवळ्या-तांबड्या-पांढऱ्या तारेची भोके आहेत की नव्या एचडीएमआय तारेचे, हे घरून पाहून जावे. पुढे खिडकी आहे की नाही ते पाहावे. पावती आणि हमीचा कागद मागून घ्यावा.

आणि शेजाऱ्याचे मत विचारताना "यंत्र कसे आहे?" एवढेच विचारू नये. त्यावर काय लावता, कशाला जोडले आहे, तबकड्या कोठे ठेवता आणि घेऊन किती वर्षे झाली, हे विचारावे. या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली म्हणजे एकाची स्तुती आणि दुसऱ्याची निंदा या दोहोंचा मेळ आपोआप बसतो.

असो. येत्या रविवारी दुपारी जेवणे आटोपली की कपाटातील तबकड्या बाहेर काढाव्या, पुसाव्या आणि एकेक लावून पाहाव्या. घरातील वडीलधारी माणसे जवळ बसली असतील तर फारच चांगले. पडद्यावरील कोण कोण आहेत ते त्यांच्याकडून लिहून घेता येईल. चेहऱ्यांची नक्कल यंत्र करून देईल. नावे मात्र त्यांनाच ठाऊक आहेत.