एका वायपरची गाडी

नामांकित गाड्यांचा विषय निघाला की आपल्याकडे गप्पा बघता बघता परदेशी पोचतात. संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस, जेम्स बाँडची ॲस्टन मार्टिन, इटलीच्या फेरारी आणि लॅम्बोर्गिनी. त्यांचा डौल मोठा आहे आणि इतिहासही. पण या यादीत पुण्याजवळच्या पिंपरी-चिंचवडमध्ये घडलेल्या टाटा इंडिकाचं नाव फारसं कुणी घेत नाही. घ्यायला हवं. भारतीय माणसाने स्वतः मांडलेली आणि आखलेली, बिघडली तेव्हा स्वतःच दुरुस्त करून पुन्हा उभी केलेली ही गाडी आहे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय रस्त्यावर काय होतं ते आठवून पाहावं. ॲम्बॅसेडरचा मूळ पुरुष इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी म्हणजे मुळात इटलीची फियाट ११००. मारुती ८०० सुझुकीची. कारखाने इथले, कामगार इथले, पण आराखडे बाहेरून आलेले. उदारीकरणानंतर देवू आणि ह्युंदाईसारख्या कोरियन कंपन्या दाखल झाल्या, त्याही स्वतःचे आराखडे घेऊनच.

तेव्हाची टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, ट्रकवाली कंपनी होती. जमशेदपूरला रेल्वे इंजिनांपासून सुरुवात, १९५४पासून डाइमलर-बेंझच्या सहकार्याने ट्रक. पुण्याचा कारखाना उभा राहिला तो कंपनीची धुरा सांभाळणाऱ्या सुमंत मुळगावकरांच्या दृष्टीतून. त्यांनी पुण्यात नुसत्या शेड बांधल्या नाहीत. टूलरूम उभी केली, संशोधन केंद्र काढलं, शिकाऊ कामगारांना हाताशी धरून कारागीर केलं. पत्र्याला आकार देणारे डाय आणि ते पत्रे जोडताना जागच्या जागी धरून ठेवणारी जिग-फिक्श्चर जर बाहेरून आणावी लागत असतील, तर नवी गाडी काढणं म्हणजे दुसऱ्याच्या दारात रांगेत उभं राहणं. पुण्यात ही विद्या घरची झाली होती. मुळगावकर १९८९मध्ये गेले. पुढे १९९४मध्ये आलेल्या सुमो गाडीचं नाव त्यांच्याच नावाच्या आणि आडनावाच्या आद्याक्षरांवरून पडलं.

या पायावर रतन टाटांनी इंडिकाचा डाव मांडला. त्यांनी गाडीचं सूत्र असं मांडलं होतं, की कुठल्याही गृहिणीला सहज कळावं: आत जागा ॲम्बॅसेडरची, बाहेरून आकार मारुती झेनचा, किंमत मारुती ८००च्या आसपास आणि चालवायला डिझेलचा खर्च. यातल्या प्रत्येक अटीचं दुसरीशी भांडण होतं. आकार कमी केला की पाय आखडतात. डिझेल इंजिन घातलं की वजन आणि धडधड वाढते. किंमत बांधून ठेवली की सुटसुटीतपणा राखणंही जड जातं. ही भांडणं मिटवण्यातच अभियंत्यांची वर्षं गेली.

गाडीच्या बाह्यरूपावर इटलीतल्या तुरिनच्या आय.डी.ई.ए. या संस्थेने काम केलं, पण निर्णय इथले होते. एक बारीकशी गोष्ट पाहण्यासारखी आहे. इंडिकाच्या पुढच्या काचेवर दोन नव्हे, एकच लांब वायपर आहे, आणि तो रतन टाटांच्या सांगण्यावरून आला. एक पातं, एक दांडा, जोडणीही कमी. काचेच्या मोठ्या भागावरून फिरणारं ते एकटं पातं पावसात पुढे बसलेल्याला चांगलंच जाणवतं. गाडीचा मागचा भागही असाच ओळखू येणारा. दिवे आडवे न ठेवता उभे, मागच्या खांबालगत वर चढत गेलेले. रात्री हमरस्त्यावर पुढची गाडी इंडिका आहे हे त्या दोन उभ्या लाल रेषांवरून लांबूनच कळायचं.

उत्पादनाची लाइन उभी करायला पैसा कमी होता. निस्सानने ऑस्ट्रेलियातला आपला कारखाना बंद केला होता. टेल्कोने तो विकत घेतला, सुटा केला, जहाजांनी आणला आणि पुण्यात पुन्हा जोडला. नव्या यंत्रसामग्रीच्या मानाने हा खर्च कितीतरी कमी पडला. तरीही सारा प्रकल्प सुमारे १,७०० कोटी रुपयांच्या घरात गेला. ट्रक करणाऱ्या कंपनीसाठी तो सगळा खेळ पणाला लावण्यासारखा आकडा होता.

जानेवारी १९९८मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत गाडी लोकांसमोर आली आणि त्याच वर्षी ३० डिसेंबरला बाजारात. तोवर ह्युंदाई सँट्रो आणि देवू मॅटिझ नुकत्याच दाखल झाल्या होत्या, आणि मारुतीने आपल्या किमती उतरवल्या होत्या. तरी लोकांनी आगाऊ पैसे भरून एक लाखाहून जास्त गाड्या नोंदवल्या. मध्यमवर्गाने आपली पुंजी या गाडीवर ठेवली.

आणि मग गाऱ्हाणी सुरू झाली. आवाज फार, टायर लवकर झिजतात, गिअर नीट पडत नाही, खड्ड्यांतून गाडी आपटते. तक्रारी खोट्या नव्हत्या. त्यातच दिल्लीत न्यायालयाच्या आदेशाने प्रदूषणाची युरो मानकं लागू झाली आणि डिझेल गाड्यांवर बंधनं आली. मालवाहतूक मंदावली म्हणून ट्रकचा धंदाही खाली गेला होता. २०००-०१ या वर्षी टेल्कोला सुमारे ५०० कोटींचा तोटा झाला. तोवर इतका तोटा कंपनीला कधीच झाला नव्हता.

खरी गोष्ट इथून सुरू होते. अशा वेळी दोन रस्ते असतात. ग्राहकालाच गाडी चालवता येत नाही असं म्हणून हात झटकायचे, किंवा चूक कबूल करून कामाला लागायचं. कंपनीने देशभर ग्राहकांची शिबिरं भरवली आणि सदोष भाग विनामूल्य बदलून दिले. अभियंते तक्रारींची यादी घेऊन पुन्हा आराखड्यावर बसले. २००१मध्ये इंडिका व्ही-टू आली. बाहेरून पाहिलं तर तीच गाडी, तोच एक वायपर, तेच उभे दिवे. पण सस्पेन्शन, टायर, गिअर, इंजिनाची बैठक अशा ज्या गोष्टींबद्दल लोक बोलले होते, त्या सगळ्यांना हात लावलेला होता.

गाडीचं नवं मॉडेल म्हटलं की आज जाळी रुंद होते, दिव्यांच्या रेषा बारीक होतात, पडदा मोठा होतो. जाहिरातीत पहिल्यांदा हेच येतं. व्ही-टूने यातलं काहीच केलं नाही. जे दिसत नाही, पण रोज जाणवतं, तेवढंच बदललं. लोकांनी ते ओळखलं आणि गाडी पुन्हा खपू लागली. टॅक्सीवाल्यांनी तर ती उचलूनच धरली, कारण मागच्या बाकावर तीन माणसं ऐसपैस बसतात आणि डिझेलचं बिल आटोक्यात राहतं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग खुला होत होता, कॉल सेंटरच्या रात्रपाळ्या सुरू होत होत्या, विमानतळाकडे जाणारी माणसं वाढत होती. या साऱ्यांची ने-आण करणारी पांढरी गाडी बऱ्याचदा इंडिका असायची. २००२च्या अखेरीस तिच्याच सांगाड्यावर इंडिगो ही सेडान आली. २००३मध्ये हीच गाडी थोड्या बदलांसह ब्रिटनमध्ये रोव्हरच्या नावाने, सिटीरोव्हर म्हणून विकली गेली. पुण्यात घडलेली गाडी इंग्रजी बिल्ला लावून इंग्लंडच्या रस्त्यावर गेली, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

गाऱ्हाण्यांच्या त्या काळात मोटारीचा धंदा विकून टाकावा का, यावर १९९९मध्ये फोर्डशी बोलणीही झाली होती. ती फिसकटली. २००८मध्ये त्याच फोर्डकडून टाटांनी जॅग्वार आणि लँड रोव्हर २.३ अब्ज डॉलरना घेतल्या. आज पुण्याच्या याच औद्योगिक पट्ट्यात रेंज रोव्हरची जुळणी होते. ब्रिटनबाहेर रेंज रोव्हर पहिल्यांदा जुळवण्याचा निर्णय २०२४मध्ये झाला, तो पुण्यासाठी. कोट्यवधींची आलिशान गाडी चिखलीच्या कारखान्यातून बाहेर पडते, यामागे इंडिकाच्या लाइनवर घासलेले हात आहेत हे विसरू नये.

इंडिकाचं उत्पादन २०१८मध्ये थांबलं. त्यानंतर ती वेगाने दिसेनाशी होते आहे, कारण टॅक्सीच्या कामाला जुंपलेली गाडी संग्रहात जात नाही, भंगारात जाते. रोल्स-रॉइसचे वारसदार असतात, जुन्या गाड्यांच्या मिरवणुका असतात, अहमदाबादच्या ऑटो वर्ल्डसारखे मोठे संग्रह असतात. इंडिकाकडे यातलं काही नाही. नियमाप्रमाणे ५० वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपात जपलेली गाडीच व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. १९९९मध्ये नोंदलेली इंडिका त्या रांगेत २०४९मध्ये बसेल. तोवर तिला कुणीतरी सांभाळावं लागेल.

तेव्हा ज्यांच्या दारात, वाड्याच्या पडवीत किंवा सोसायटीच्या कोपऱ्यात अजून एखादी चालू इंडिका उभी असेल, त्यांनी ती मोडीत काढण्याआधी एकदा थांबावं. विशेषतः पहिल्या दोन वर्षांतली असेल तर. आरसी बुक, सर्व्हिसची जुनी बिलं, मूळ चाव्या, मालकाचं माहितीपुस्तक जपून ठेवावं. रंग बदलू नये, दिवे बदलू नयेत. आणि पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या महापालिकांनी, इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी एक तरी पहिली इंडिका आणि तिच्याशेजारी एक व्ही-टू अशी जोडी बोनेट उघडून विद्यार्थ्यांसमोर ठेवावी. चूक झाल्यावर अभियंत्याने काय करायचं असतं, ते त्या दोन बोनेटखाली शेजारी शेजारी पाहायला मिळेल.