गाडी 'टक्' का करते?

दोस्तांनो, डोंबिवलीच्या रुळांवर सिग्नलला थांबलेली मालगाडी सुटताना ऐकली आहे? 'खडाक् खडाक्' आवाज पुढून मागे पळत जातो. डब्यांच्या जोडांत ढिलाई असते ना! ती संपल्यावरच मागच्या डब्याला ओढ लागते.

कुर्ल्याला बनलेल्या जुन्या प्रीमियर पद्मिनीतही हाच प्रकार. इंजिन पुढे, पण जोर लागतो मागच्या चाकांना. मधला दुवा म्हणजे गाडीच्या पोटाखालचा लांब प्रॉपेलर शाफ्ट. चाकं खड्ड्यांत वर-खाली होतात, म्हणून शाफ्टला वाकते सांधे लागतात. त्यांतला अधिकच्या चिन्हासारखा तुकडा म्हणजे मेकॅनिककाकांचा 'क्रॉस'. ग्रीस सुकलं, की त्याची बेअरिंगं झिजतात.

आता कान द्या. क्लच सोडताना किंवा अ‍ॅक्सिलरेटर दाबता-सोडताना एकच 'टक्' आला, तर संशय क्रॉसवर. डिफरन्शियलचे दाते झिजले तरी असंच वाजतं, म्हणून गॅरेजमध्ये शाफ्ट हाताने पिळून बघतात. फक्त खड्ड्यात वाजलं, तर सस्पेन्शन तपासायचं.

गंमत म्हणजे, प्रीमियरच्याच डोंबिवलीजवळच्या कारखान्यात १९९०च्या दशकात बनलेल्या प्यूजो ३०९ला हा शाफ्टच नव्हता! तिची पुढची चाकं ओढायची. अशी गाडी वळताना 'टक्-टक्-टक्' करते, ते पुढच्या सांध्यांमुळे.

"जुनी गाडी, वाजणारच!" असं बाबा म्हणाले, तर त्यांना सांगा: क्रॉस तुटला, तर धावत्या गाडीचा शाफ्ट निखळून रस्त्यावर आदळू शकतो. तुमचं काम कानांचं. जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र मुळीच शिरायचं नाही!