नूतनची मुद्रा

खामगावच्या सरकीच्या वासाने भारलेल्या रस्त्याने चालत जाऊन मी 'बंदिनी' प्रथम पाहिला, तेव्हा विष देण्यापूर्वीचा तो क्षण, ज्यात बाहेर लोखंडावर घणाचे घाव पडत असतात, कल्याणी झालेल्या नूतनच्या मुद्रेवर उजेड येतो आणि विझतो, ओठ मात्र हलत नाहीत, तो पाहताना अवघे प्रेक्षागृह निःशब्द झाले होते. आणि अभिनय हा केवळ वाणीचा विलास नव्हे, ही गोष्ट त्या रात्री माझ्या मनाच्या दफ्तरी कायमची दाखल झाली. शोभना समर्थ यांची ही कन्या 'सीमा'पासून 'मैं तुलसी तेरे आँगन की'पर्यंत पाच वेळा फिल्मफेअरची सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरली. माझ्या मते मात्र 'सुजाता'तील (१९५९) अस्पृश्य कन्येचे अबोल दुःख या साऱ्यांत श्रेष्ठ. १९९० साली स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले आणि २१ फेब्रुवारी १९९१ रोजी, वयाची पंचावन्न वर्षे पुरी होण्यापूर्वीच, मुंबईत तिचे निधन झाले. 'इन्सानियत' तर तिच्या पश्चात, १९९४ साली पडद्यावर आला. स्तनाच्या कर्करोगाचा हाच व्याधी आपल्या जिल्ह्यातही आहे, आणि लज्जेपायी, घरच्या कामापायी, तो पदराआड झाकला जातो, याचे मला अतोनात दुःख होते. मेहकर-लोणारकडच्या भगिनींनो, स्तनात हाताला गाठ लागली तर सोयाबीनची सोंगणी आटोपण्याची वाट पाहू नका. ती न दुखणारी असली तरीही त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.