दार उघडे, पण वाट सापडेना

सामाजिक संस्थेच्या कार्यालयात एखादा अनोळखी माणूस आला, तर त्याला आधी बसायला खुर्ची आणि प्यायला पाणी दिले जाते. मग काम विचारले जाते. महाराष्ट्रातील लहानमोठ्या संस्थांनी ही रीत वर्षानुवर्षे सांभाळली आहे. तोच माणूस त्याच संस्थेच्या संकेतस्थळावर आला की मात्र त्याच्यापुढे अध्यक्षांचे मनोगत येते. त्यामागून सरकती छायाचित्रे येतात. दीपप्रज्वलन, सत्कार, समूहचित्र आणि पुन्हा दीपप्रज्वलन. आलेला माणूस कशासाठी आला आहे, हे विचारणारे तेथे कोणी नसते.

समजा, ठाण्यातील एका गृहिणीच्या वडिलांच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली आहे आणि उद्या सकाळी त्यांना घरी सोडणार आहेत. घरी वॉकर हवा, कमोडची खुर्ची हवी, जमल्यास डोक्याकडून उचलता येणारी खाट हवी. रुग्णोपयोगी साहित्य अल्प भाड्याने देणारी एक संस्था जवळच आहे, असे शेजाऱ्यांनी सांगितलेले असते. रात्री साडेनऊ वाजता रुग्णालयाच्या बाकावर बसून ती मोबाइलवर त्या संस्थेचे संकेतस्थळ उघडते. तिला चारच गोष्टी हव्या आहेत : साहित्य मिळेल का, अनामत किती, केंद्र कधी उघडते आणि दूरध्वनी कोणाला करायचा. समोर मात्र 'परिचय', 'प्रेरणा', 'आयाम', 'प्रकल्प' आणि 'वृत्तविशेष' अशी दालने असतात. खाट 'आयामा'त सापडेल की 'प्रकल्पा'त, हे तिने कसे ओळखावे? कार्यकर्त्यांच्या बैठकांना दहा वर्षे बसलेल्या माणसालाच त्या शब्दांचा अर्थ लागतो; आणि त्याला संकेतस्थळ उघडण्याची गरजच नसते.

साऱ्या दोषांचे मूळ येथे आहे. संस्थेची अंतर्गत रचना जशी असते, तशीच्या तशी ती पडद्यावर उमटवली जाते. प्रत्येक विभागाला एक दालन, प्रत्येक पदाधिकाऱ्याला एक छायाचित्र, म्हणजे कोणाची नाराजी नको. अमेरिकन व्यंगचित्रकार रँडल मन्रो यांनी २०१० साली विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर एक व्यंगचित्र काढले होते. एका वर्तुळात मुखपृष्ठावर असलेल्या गोष्टी, दुसऱ्यात लोक शोधत असलेल्या गोष्टी. आणि दोन्ही वर्तुळांत समाईक अशी नोंद एकच, ती म्हणजे संस्थेचे पूर्ण नाव. आपल्याकडील किती संस्था या व्यंगातून सुटतील?

दुसरा मोठा दोष मराठीशी निगडित आहे, आणि तो भाषेचा अभिमान बाळगणाऱ्यांकडूनच अधिक घडतो. स्मरणिका किंवा पत्रक छापखान्यात जुन्या टंकात जुळवले जाते. तोच मजकूर संकेतस्थळावर चिकटवला की मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. यावर उपाय म्हणून पत्रकाचे छायाचित्रच चढवले जाते. डोळ्यांना ते ठीक दिसते. परंतु शोधयंत्राला चित्रातील शब्द सहजी सापडत नाहीत, दृष्टिहीन वाचकाचे वाचनयंत्र तेथे मुके होते, आणि त्यातील दूरध्वनी क्रमांकावर बोट ठेवले तरी दूरध्वनी लागत नाही. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ सालीच आली. जुन्या टंकातील मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने विनामूल्य मिळतात. तरीही 'आम्ही मराठीत आहोत' म्हणणारी कितीतरी संकेतस्थळे शोधयंत्राच्या लेखी मराठीत नाहीतच. (पानाच्या संहितेत भाषा मराठी अशी नोंद केली, तर काही टंकांत ल आणि श आपल्या वळणाचे उमटतात, एरवी हिंदी वळणाचे. एवढी नोंदही सहसा कोणी करत नाही.)

रंगांविषयी थोडेसे. उत्सवाच्या पत्रिकेत शोभणारे भगव्यावरचे पिवळे अक्षर पडद्यावर वाचता येत नाही. सुलभतेचे आंतरराष्ट्रीय निकष सर्वसाधारण मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांत किमान ४.५ ला १ एवढा उठाव मागतात. हे रंग तेथवर पोहोचत नाहीत. साठीच्या पुढचा हितचिंतक असे पान दुसऱ्यांदा उघडत नाही.

देणगीचा विषय अधिक गंभीर आहे, कारण तेथे संस्थेची विश्वासार्हता पणाला लागते. या शास्त्रातील ज्येष्ठ अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००९ साली २३ सेवाभावी संस्थांची संकेतस्थळे तपासली होती. देणगीदाराला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या होत्या : संस्था काय करते आणि पैसा कसा वापरते. पहिल्याचे उत्तर मुखपृष्ठावर देणाऱ्या संस्था ४३ टक्के होत्या, दुसऱ्याचे अवघ्या ४ टक्के. आपल्याकडे तर हिशेब चोख असलेल्या संस्थाही तो दाखवायला संकोचतात. लेखापरीक्षित ताळेबंद कपाटात, आणि मुखपृष्ठावर 'सढळ हाताने मदत करा'.

परदेशातील मराठी कुटुंबांच्या बाबतीत तर साधा एक प्रश्नही विचारला जात नाही. पारपत्र भारतीय असेल, तर परदेशात राहणाऱ्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी देणगी ठरत नाही. नागरिकत्व बदललेल्याची मात्र ठरते. ती स्वीकारण्यासाठी संस्थेला विदेशी देणगीविषयक कायद्याखाली परवानगी असावी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील विशेष खात्यातच यावी लागते. 'आपले नागरिकत्व कोणते?' हा प्रश्न अर्जाच्या आरंभी असला, तर पुढचा सारा पत्रव्यवहार आणि अडचण टळते. त्याऐवजी अर्जात रक्तगट, वडिलांचे नाव आणि आवडीचे कार्यक्षेत्र विचारलेले असते.

हे दोष ओळखायला तज्ज्ञांची मोठी फौज लागत नाही. पाच जणांना बसवून चाचणी घेतली तरी बहुतेक अडचणी उघड होतात, असे नील्सन यांनीच २००० साली मांडले. शेजारच्या काकूंच्या हाती त्यांचाच मोबाइल देऊन 'यावर चाकाची खुर्ची कुठे मिळेल ते शोधा' म्हणावे आणि गप्प बसावे. यातला गप्प बसण्याचा भाग कार्यकर्त्यांना सर्वांत अवघड जातो. मार्गदर्शनाची सवय सुटत नाही. परंतु काकू ज्या ठिकाणी अडखळतील, तेथे दोष काकूंचा नसून पानाचा असतो.

याला जोडूनच देखभालीचा प्रश्न येतो. संकेतस्थळ बहुधा एका उत्साही तरुणाने केलेले असते. त्याची नोंदणी त्याच्या नावावर, परवलीचा शब्द त्याच्याच डोक्यात. तो नोकरीनिमित्त परगावी गेला की 'आगामी कार्यक्रम' तीन वर्षे आगामीच राहतात. नोंदणीची मुदत एके दिवशी संपते आणि तेच नाव दुसरा कोणी विकत घेतो. संस्थेच्या जागेचा सातबारा कोणी एका कार्यकर्त्याच्या नावावर ठेवत नाही. संकेतस्थळाच्या बाबतीत ती दक्षता दिसत नाही. नोंदणी संस्थेच्या नावावर, परवलीचा शब्द दोघा विश्वस्तांकडे आणि महिन्यातून एकदा मजकूर तपासण्याची जबाबदारी नेमून दिलेली, एवढे बैठकीच्या इतिवृत्तात यायला हवे.

आणि मुखपृष्ठावर सर्वांत वर, बोट लावताच लागेल असा एक क्रमांक. त्याखाली केंद्राची वेळ आणि अनामतीची रक्कम. त्या क्रमांकावर रात्री दहापर्यंत बोलणाऱ्या कार्यकर्त्यापुढे साहित्याची वही उघडी असली, तर ठाण्याच्या त्या गृहिणीला खाट उद्या सकाळी मिळेल की परवा, हे बाकावरून उठण्यापूर्वी कळते.